तांबटांचा स्वतःचा फोटो

नवा कॅमेरा समोरचा माणूस स्वतःला विसरला तरच आपोआप फोटो काढायचा. मिरजेचे फोटोग्राफर जनार्दन तांबट आठवडाभर त्याच्यापुढे बसले, पण तो गप्पच. चाळीस वर्षं लोकांना बसवणाऱ्याला स्वतःला विसरणं कसं जमावं?

शेवटी नाद सोडून ते गिऱ्हाइकाकडे वळले. वेणूताई जुन्या कॅमेऱ्यापुढे ताठरून बसल्या होत्या.

"खांदे सोडा. आता नातीला आठवा," तांबट वाकून म्हणाले. वेणूताईंचा चेहरा खुलला, आणि त्यांच्या मागे ठेवलेला नवा कॅमेरा वाजला.

फोटोत तांबटांचा चष्मा घसरलेला, डोळे लकाकणारे.

"अहो, पोक दिसतंय. दुसरा काढा," बायको म्हणाली.

"हाच दारावर लावायचा," तांबट म्हणाले. "कळू दे गावातल्या लोकांना, मी त्यांच्याकडे कसा बघत आलो ते."