एकोणतीस इंच

"जाऊबाई, मोबाइल जरा खाली घ्या. हां, आता तो नळ दाखवा."

जर्मनीहून ज्योत्स्ना बोलत होती. कौशल्येनं नळ दाखवला. चकचकीत, हंसासारख्या मानेचा. तिच्या स्वतःच्या मोरीत बादली होती.

अकोटचं हे घर दोन भावांत वाटलं गेलं होतं. पुढची बाजू धाकट्या सागरची आणि ज्योत्स्नाची, मागची नितेशरावांची आणि कौशल्येची. पुढे आता नवी फरशी बसत होती. मागे टिनाची खोली आणि जमिनीवर ठेवलेली शेगडी. सहा वर्षं अंथरुणावरच्या सासूबाईंना उठवता-बसवता कौशल्येचे गुडघे गेले होते. शेगडीपुढून उठताना ती भिंत धरायची.

कारागीर ज्योत्स्नानंच फोनवरून ठरवले होते. त्यांना चहा द्यायचा आणि रोज संध्याकाळी काम व्हिडिओवर दाखवायचं, एवढं कौशल्येकडे.

"तुह्या जावेचा तं महाल होऊन राहिला बाई," शेजारच्या पार्बताबाई कुंपणावरून म्हणाल्या. "अन तू त्याची चौकीदारीण!"

कौशल्या हसली. पण त्या दिवशी माळ ओढताना तिला तीनदा पहिल्या मण्यापासून सुरुवात करावी लागली.

"जाऊबाई, भिंतीच्या टाइल्सले कोणता रंग सांगू?" ज्योत्स्नानं एकदा विचारलं.

"मले काहून विचारतं? राहाचं तुले हाय."

"सांगा ना. तुमाले कोणता आवडते?"

"मोरपंखी," कौशल्येच्या तोंडून निघून गेलं.

आठवड्यानं मोरपंखी टाइल्सच आल्या. कौशल्येनं खोकं उघडलं आणि तसंच मिटलं. घर तर घर, आता आपली आवडही हिनं उचलली. मागच्या दिवाळीत आली होती तेव्हा परकर शिवून आणते म्हणून टेपनं माप घेऊन गेली. सगळ्यांसमोर हसली होती, "जाऊबाई, तुमचा परकर तं लहान पोरीचाच!" वर्ष होत आलं, परकर काही आला नाही.

मग स्वयंपाकाच्या ओट्याचं काम निघालं.

"उंची एकोणतीस इंच," ज्योत्स्नानं बजावलं. "लिहून ठेवा. सहदेवभाऊले मी सांगितलं हाय, माप जाऊबाईजवळ हाय म्हणून."

कौशल्येनं कॅलेंडरच्या पानामागे आकडा लिहिला आणि पान पोथीत ठेवलं. एवढा बुटका ओटा? ज्योत्स्ना तर नवऱ्याच्या बरोबरीची उंच. मग तिला आठवलं, तिकडच्या बाया खुर्चीवर बसून भाजी चिरतात, टीव्हीत दाखवतात. म्हणजे राणीसारखं बसून रांधायचं. आणि आपण इथं भिंत धरून उठायचं.

सोमवारी सकाळी सहदेव मिस्त्री दारात आला. सोमवारी पूजा होईपर्यंत कौशल्येचं मौन असे. ते साऱ्या गल्लीला ठाऊक होतं.

"वहिनी, ग्रॅनाइटवाला आला. अकोल्याहून आजच्यापुरताच आला हाय तो. ओटा कितीचा घेऊ?"

कौशल्या देवापुढे बसली होती. पोथी समोर, पोथीत ते पान. हात लांब करून नुसतं दाखवायचं होतं.

तिनं हातातली माळ पुढे ओढली.

"मौन हाय काय? बरं." सहदेवनं डोकं खाजवलं. "ताईले फोन लावला, तं तिकडं अजून रात्र. उचलून नाही राहिल्या."

तो दारातच थोडा वेळ थांबला. मग स्वतःशीच म्हणाला, "ताई पावणेसहा फुटाच्या. छत्तीस घेतो. बराबर हाय ना, वहिनी?"

कौशल्येनं डोळे मिटले. रोज ती एक माळ जपायची. त्या दिवशी पाच जपली. पाचवी संपली तेव्हा पुढच्या घरातलं कटरचं घरघरणं थांबलं होतं.

आपण खोटं बोललो नाही, तिनं मनाशी म्हटलं. बोललोच नाही. देवापुढची तेलवात सारखी करताना तिला बऱ्याच दिवसांनी हलकं वाटलं. आता बस म्हणावं खुर्चीवर.

संध्याकाळी ज्योत्स्नानं व्हिडिओत ओटा पाहिला. "किती सुंदर!" म्हणाली. उंची काही व्हिडिओत कळत नाही.

वास्तुपूजेच्या सकाळी ज्योत्स्ना आणि सागर नागपूरहून गाडी करून आले. भटजी यायचे होते; सहदेव स्वयंपाकघरात नळ तपासत होता. ज्योत्स्नानं पाय धुतले, कौशल्येच्या पाया पडली आणि तिचा हात धरून तिला थेट स्वयंपाकघरात घेऊन गेली. दुधाचं पातेलं तिच्या हातात दिलं.

"हे काय? पहिलं दूध घरच्या बाईनं उतू घालाचं असते," कौशल्या म्हणाली.

"म्हणून तं तुमाले दिलं. आमी कुठं येतो आता इथं राहाले? आईचं सारं तुमी केलं. आता जमिनीवर बसून रांधणं बंद."

कौशल्येनं पातेलं उचललं. ओटा तिच्या छातीशी आला. टाचा उंचावूनही पातेलं शेगडीवर नीट बसेना.

ज्योत्स्नाचं हसू मावळलं. "सहदेवभाऊ, हे केवढं करून ठेवलं? एकोणतीस सांगितलं होतं ना! परकराच्या नावानं माप घेतलं होतं मी यांचं!"

"मी वहिनीले विचारलं होतं ताई," सहदेव चाचरला. "त्या काहीच बोलल्या नाहीत."

ज्योत्स्ना वळली. "काहून, जाऊबाई?"

कौशल्या काहीच बोलली नाही.

त्या दिवशी गुरुवार होता.