म्हातारी नावाडीण

चिन्मयी सकाळपासून गेममधली एकच लढाई खेळून राहिली होती आणि जेवायला हाका मारून आजीचा घसा सुकला होता. “काहून गं, पुढे जाता येत नाही का?” “येतं ना. पण मग ही नावाडीण मरते.” पडद्यावरची म्हातारी नर्मदेवरच्या भेडाघाटच्या नावाड्यांसारखं वल्हं छातीशी धरून काहीतरी बोलली. “काय म्हणते?” “म्हणते, माझं जगून झालं, तू जा.” आजी चपापली. स्वतःच्या हृदयाच्या ऑपरेशनचा संमतीचा कागद परवा तिनं हेच बोलून भिरकावला होता. चिन्मयी हरली, पुन्हा लढली, पुन्हा हरली. अकराव्या खेपेला म्हातारी वाचली, कुरकुरली आणि वल्हं मारू लागली. आजी हातातलं ताट विसरून बघतच राहिली. मग नातीपुढे ताट ठेवत म्हणाली, “येडी आहे तुझी नावाडीण. इतक्यांदा जीव लावणाऱ्या पोरीला जा म्हणते? आण तो कागद इकडे, सही करते.”