कानेलाचा दाखला

मेजरने कानेलाच्या गळ्यात पदक अडकवले आणि मैदानावर टाळ्यांचा कडकडाट झाला. सात वर्षे सुरुंग हुंगून शोधणारी ती लॅब्राडोर कुत्री पोट जमिनीला टेकवत कॉर्पोरल फेर्नेयच्या बुटांमागे शिरली. मेजरने लगेच हात वर केला.

"हळू, हळू. तिला आवाज सोसत नाही."

टाळ्या थांबल्या. दुसऱ्या रांगेतून लिसेथने नवऱ्याकडे पाहिले. टाळ्यांबरोबर फेर्नेयचे खांदे कानापर्यंत चढले होते, ते अजून खाली आले नव्हते. त्याच्याकडे दुसऱ्या कुणाचे लक्ष नव्हते.

पशुवैद्य डॉक्टर ओस्पिना यांनी माइकवर दाखला वाचला. मार्च महिन्यात काकेताच्या जंगलात सुरुंग फुटला, तेव्हा कानेला जवळच होती. अंगावर जखम नाही. मात्र तेव्हापासून ती नीट खात नाही, झोपेत किंचाळते, दार आपटले तरी खाटेखाली जाते. तिच्या मनाने धसका घेतला आहे. तिला पुन्हा सुरुंगाच्या कामावर पाठवू नये.

कानेलाचा दोर चार मीटरचा होता. मार्चमध्ये त्याचे दुसरे टोक फेर्नेयच्या हातात होते.

मग कानेलासाठी काळजाच्या खिम्याचा केक आला. बायका फोटो काढायला पुढे सरकल्या.

"बिचारी! डोळे बघ गं तिचे," शेजारी बसलेली सार्जंटची बायको डोळे टिपत म्हणाली. गेल्याच आठवड्यात कँटीनमध्ये हिनेच लिसेथला सगळ्यांदेखत विचारले होते, "काय गं, तुझ्या नवऱ्याची नाटकं संपली की नाही?"

कानेला केक चाटत होती. लिसेथला तिच्यापुढची ती ताटली उचलून भिरकावून द्यावीशी वाटली. त्याऐवजी ती उठून मेजरकडे गेली.

"साहेब, सुरुंगाचं काम नको म्हणून फेर्नेयनं अर्ज दिलाय, त्याचं काय झालं?"

"अहो वहिनी, हात-पाय शाबूत आहेत त्याचे. दवाखान्यातून गोळ्या मिळाल्या ना?"

"डोकेदुखीच्या."

"मग झालं तर! सोमवारी नवं कुत्रं देतोय त्याला. जंगलात गेला की होईल ठणठणीत. आणि असलं चारचौघांत बोलू नका. पोरं हसतात त्याला."

"कानेलाला कुणी हसलं नाही."

"ती जनावर आहे, वहिनी," मेजर समजावणीच्या सुरात म्हणाला. "जनावर सोंग करत नाही."

कानेला एका निवृत्त कर्नलच्या मळ्यावर जाणार होती. जीपपाशी डॉक्टर ओस्पिना कर्नलच्या बायकोला सांगत होत्या, "फटाके नकोत. ओरडायचं नाही. मागून अचानक हात लावायचा नाही. आणि घाई करू नका, बरं व्हायला वेळ लागतो."

लिसेथ एकेक वाक्य ऐकत उभी राहिली. आजवर तिला कुणी एवढेही सांगितले नव्हते. जीप गेल्यावर ती पुढे झाली.

"डॉक्टर, असाच एक दाखला मला हवाय. सोमवारच्या आत."

"कुणासाठी?"

लिसेथने मैदानाकडे मान वळवली. खुर्च्या उचलणे चालू होते. मधोमध फेर्नेय एकटाच उभा होता. दोर कानेलाबरोबर गेला होता, पण त्याची उजवी मूठ अजून आवळलेलीच होती. कुणीतरी खुर्ची आपटली. तो गुडघ्यांवर बसला.

डॉक्टर ओस्पिनांनी तिकडे पाहिले.

"ताई," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "मला फक्त जनावरांचे दाखले देता येतात."

"चालेल," लिसेथ म्हणाली. "तसं लिहा."