फियाटचा भोंगा

"ताई, फियाटला रिमोट-अलार्म म्हणजे आजीबाईंना गॉगल की!" गाडीच्या दारात तार ओवता ओवता वायरिंगवाला हसला.

कुंदाला हसू आलं नाही. शिक्षिका असलेली आई जाऊन सहा वर्षं झाली, तरी शाळा सुटायच्या वेळी आबा आईला आणायला गाडी काढत. परवा तर हायवेवर सापडले, उलट्या बाजूने निघालेले. पण त्यांच्याकडून किल्ली काढून घ्यायला तिचा जीव धजेना. आता किल्लीने दार उघडलं की भोंगा वाजेल, निदान आपल्याला कळेल. रिमोट तिने स्वतःजवळ ठेवला.

दुसऱ्या दिवशी पाचच्या सुमाराला भोंगा किंचाळला. तव्यावरची पोळी तशीच सोडून ती धावली. इस्त्रीचा शर्ट, चापून बसवलेले केस, खिशात आईसाठी शेवंतीचं फूल, आणि आबा दोन्ही हात वर करून उभे. अख्खी गल्ली बघत होती.

तिने बटण दाबलं. "आबा, घाबरू नका, मी आहे."

आबांनी तिच्या हातातला रिमोट पाहिला आणि हात जोडले.

"तुमची गाडी होय बाई? माफ करा हं. आमचीपण अगदी अश्शीच आहे. कुठं लावलीय, तेवढं आठवेना."