बेचाळीस किलो

सात वाजायला आणि मनवानं ताट वाढून घ्यायला एकच गाठ पडली. दमयंतीनं कपाळावर हात मारला.

"अगं, पप्पा साडेनवाला येतील की! एवढी कसली घाई?"

"मला आता सातलाच जेवायचंय. दोन महिने."

शामकांतची नागापूरच्या एमआयडीसीत ड्युटी. तो आला की अंघोळ, मग तिघांनी एकत्र जेवायचं, दहा वाजता. मनवा जेवायला लागली तेव्हापासूनची या घरातली ही रीत. लेक एकटीच जेवून बसली म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला.

"माझ्याबरोबर जेवायचा कंटाळा आला का गं बाई?" त्यानं हसत विचारलं, पण लागलं होतं त्याला.

मग मनवाला सांगावंच लागलं.

तालमीत सेहेचाळीस किलोच्या गटात दोघी होत्या, ती आणि तमन्ना. जिल्ह्याच्या स्पर्धेला प्रत्येक गटातून एकच पोरगी जाणार. गेल्या वर्षीही दोघी एकाच गटात होत्या. निवडीत मनवानं तमन्नाला चीत केलं आणि तमन्ना पंधरा दिवस तिच्याशी बोलली नाही. बालवाडीपासून एका बाकावर बसलेल्या पोरी! ते पंधरा दिवस मनवाला नुसते खायला उठले होते. यंदा तिनं ठरवलं होतं, आपणच बेचाळीसच्या गटात उतरायचं. सेहेचाळीस तमन्नाला मोकळा. दोघी जातील.

"मग सांग की तिला तसं," दमयंती म्हणाली.

"सांगितलं तर ती उतरू देईल का? लई हट्टी आहे ती. शपथ आहे तुम्हाला दोघांना."

वजन साडेचव्वेचाळीस. अडीच किलो उतरवायचं, तेही उपाशी न राहता, कारण पुंजाराम वस्तादांचा सगळ्या पोरींना एकच दम होता. "उपाशी राहून वजन उतरवलं, तर तालमीची पायरी चढायची न्हाई. दिवे लागले की जेवा, दिस उगवायला पळा, बास! आन काट्यावर जिथं भराल तिथंच नाव लिहीन. मागंपुढं न्हाई."

भाकरी तेवढीच, भाजी तेवढीच, फक्त दहाची सातला. सकाळी शामकांत झोपमोड करून सायकलवर तिच्या मागं. "पळ माझे आई, पळ!" दर रविवारी वाल्मिकच्या धान्याच्या दुकानात पोती मोजायच्या काट्यावर उभं राहायचं.

"तुमच्या तालमीतल्या पोरींनी माझा काटा पार जेरीस आणलाय," वाल्मिक कुरकुरायचा.

वजन उतरत होतं. तमन्नाचं मात्र काय बिनसलं कळेना. पूर्वी सराव संपला की दोघी गाड्यावर वडापाव खायच्या. आता तमन्ना बॅग उचलून सरळ घरी. "अम्मी रागावते," एवढंच बोलायची. तोंड उतरलेलं, नजर चुकवत जायची. मनवाला वडापाव नकोच होता, पण मैत्रीण हवी होती. निवड जवळ आली तशी ही आत्तापासूनच रुसून बसली, असं तिला वाटलं. फार वाईट वाटायचं तिला. पण कळेल तेव्हा स्वतःच येऊन गळ्यात पडेल, म्हणायची.

निवडीच्या सकाळी वस्ताद कागद घेऊन काट्याशेजारी बसले. मनवा चढली.

"एकेचाळीस, आठशे. बेचाळीसचा गट." वस्तादांच्या भुवया वर गेल्या, पण त्यांनी नाव लिहिलं.

मनवानं खूष होऊन तमन्नाकडं बघितलं. तमन्ना पांढरीफटक पडली होती. आता पेटली ट्यूब, मनवा मनात म्हणाली.

"तमन्ना!"

तमन्ना जागची हलेना. वस्तादांनी दुसऱ्यांदा पुकारलं, तेव्हा ती काट्यावर चढली. आकडे हलले आणि थांबले. एकेचाळीस, सहाशे.

"येडी," तमन्ना तिथूनच म्हणाली. तिला रडू आवरेना. "सेहेचाळीस मी तुझ्यासाठी सोडला होता."

वस्तादांनी कागद दोनदा वाचला.

"सेहेचाळीसला कुनीच न्हाई," ते म्हणाले, "बेचाळीसला दोघी. चला, मॅटवर या."