एकाच गाठीतले

प्रयोगशाळेत तिने गाठ उघडली आणि सूक्ष्मदर्शक जवळ ओढला.

वाळवंटातल्या काटेरी झुडपावरची ती वाटाण्याएवढी गाठ. आत ती गाठ करून राहणारे फुलकिडे, तिळाहून बारीक. जाडजूड पुढच्या पायांचे नर होते, काडीसारख्या पायांचेही होते. त्या दोन वेगळ्या जाती मानल्या जात; इथवर ठीक. पण मधल्या मापाचेही होते, ढीगभर. दुपारभर तिने एकेकाला काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली मोजलं. दोन वेगळ्या जाती कधी नव्हत्याच. सगळी एकाच आईची पिल्लं, कुणी पोसलेलं, कुणी वाळलेलं.

आता आली का पंचाईत! बारीक पायांच्या नराला वीस वर्षांपूर्वी तिनेच नवी जात ठरवलं होतं, दोनच नमुने बघून, उतावळेपणाने. नाव दिलं होतं वडिलांचं. ते जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. जाड पायांच्या जातीचं नाव त्याहून साठ वर्षं जुनं, आणि नियम असा की जुनं नाव राहतं, नंतरचं रद्द होतं.

प्रयोगशाळेतला म्हातारा मदतनीस काचा पुसत होता. "मॅडम, जगात चार माणसं वाचणार हे. त्यातली दोन झोपेत. गाठ रिकामी निघाली म्हणा नि मोकळ्या व्हा."

"मला दिसलंय ना पण. त्याचं काय करू?"

तो पुढची काच पुसू लागला. तिला रडू येत होतं आणि स्वतःचा रागही येत होता. तरी तिने टिपण लिहिलं, वडिलांच्या नावापुढे 'रद्द' असा शेरा मारला आणि शोधपत्रिकेकडे पाठवून दिलं.

घरी त्या किड्याचं चित्र आईने चौकटीत घालून दारासमोरच लावलं होतं. गॅसवाल्यापासून व्याह्यांपर्यंत येईल त्याला ती कौतुकाने सांगायची, "हा आमच्या ह्यांच्या नावाचा."

तिने चप्पलही न काढता सगळं सांगून टाकलं. आईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे तो किडा मेला का गं?"

"किडा आहे, आई. बाबांचं नाव गेलं."

"कुणी काढलं?"

"मी."

"बरं," आई म्हणाली. ताट घ्यायला उठली आणि ओट्याला धरून पाठमोरीच बोलली.

"ते गेले तेव्हा निदान डॉक्टरला बोल लावता आला होता."