न झिजलेली टाच

रविवारी दुपारी बाबांनी गोलकीपरचा बूट उलटा करून तिच्या नाकासमोर धरला.

"टाच बघ. कोरी करकरीत. आणि तळाचे पुढचे स्टड पार सपाट. हे पोरगं उभं राहणाऱ्यातलं नाही. त्याला पुढे पळायचंय, आणि तू त्याला जाळ्यापाशी बांधून ठेवलंयस."

बूटदुरुस्तीच्या त्या दुकानात दोन माणसं जेमतेम मावत. फळीवर कॉलेजच्या फुटबॉल टीमचे अकरा जोड चिखलासकट मांडले होते आणि टीमची नवी कोच, म्हणजे त्यांची लेक, स्टुलावर बसून एका बुटात लेस ओवत होती. मोसमातले आतापर्यंतचे सातही सामने टीम हरली होती. एकतीस गोल खाल्ले होते, मारला एकही नव्हता. आता एकच सामना उरला होता. तो जिंकायचं स्वप्न तिने सोडून दिलं होतं. एक गोल मात्र हवा होता.

"त्याला पुढे पाठवलं तर गोलात कोण, तुम्ही?"

"चालेल की. एवढे गोल तर मीही खाईन."

तिला हसू आलं. "बघू," ती म्हणाली.

"हे तुझं बघू! तुझी आईही तीस वर्षं बघू म्हणायची, आणि शेवटी करायची मी सांगितलेलंच. एकदा तरी सरळ म्हण, बाबा, तुमचं बरोबर आहे. जीभ झडणार नाही."

"आधी बरोबर ठरू तर द्या."

"म्हणजे आशा आहे," असं म्हणून बाबांनी ओठांत धरलेला खिळा काढला आणि हातोडी उचलली.

सोमवारी सकाळी ते उठले नाहीत.

शेवटचा सामना पंधरा दिवस पुढे ढकलला. समोरच्या टीमने लगेच होकार दिला; हातातला विजय कुठे पळून जाणार होता? सामन्याच्या सकाळी तिने दुकान उघडलं. अकराही जोड पुसून, लेस ओवून रांगेत उभे होते. गोलकीपरच्या बुटांना पुढचे सगळे स्टड नवे बसवले होते. टाचेला हातही लावलेला नव्हता.

मध्यंतराला टीम चार-शून्यने मागे होती. बचावातल्या दांडग्या पोराला सगळे कपाट म्हणत. तो पाणी पीत म्हणाला, "मॅडम, निदान दहाच्या आत राहू."

ती गोलकीपरकडे वळली. "हातमोजे काढ. कपाटाला दे. तू पुढे खेळ."

"मॅडम, कपाट वाकत नाही."

"एवढे गोल तर तोही खाईल."

कपाटाने तीन खाल्ले, तेही मजेत. पण गोलकीपर दावं सुटलेल्या वासरासारखा मैदानभर उधळत होता. सामना संपायला चार मिनिटं असताना चेंडू त्याच्या बुटाच्या टोकाला लागला आणि जाळ्यात गेला.

सगळी टीम त्याच्या अंगावर पडली. कपाटही गोल उघडा टाकून मैदानाच्या त्या टोकापर्यंत धावत गेलं. पंच शिट्टी वाजवत होते. कोणाच्या कानात शिरत नव्हती. सात-एकने जिंकणारे मात्र, नक्की कोण जिंकलं, म्हणून फलकाकडे बघत राहिले.

सामना संपल्यावर गोलकीपर लंगडत तिच्यापाशी आला. एक बूट पायात, दुसरा त्या ढिगाऱ्यात निघालेला, तो हातात.

"मॅडम, मी पुढे खेळू शकतो, हे तुम्हाला कसं कळलं?"

तिने त्याच्या हातातून बूट घेतला, उलटा केला आणि नाकासमोर धरला. पुढच्या स्टडमध्ये गवत अडकलं होतं. टाच अजून कोरी करकरीत होती.

"बाबा," ती सगळ्या टीमसमोर मोठ्याने म्हणाली, "तुमचं बरोबर आहे."